कळक म्हणायचा की पॅटिना? घड्याळांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या वेळी चावीच्या घड्याळांवर लिहिलं, त्यावर बरेच प्रश्न आले, आणि गंमत बघा, निम्म्याहून जास्त प्रश्न दोनच गोष्टींवर आहेत, आतलं मशीन दिसणारी घड्याळं आणि जुनाट दिसणारी बॉडी. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय.

दादा, मी पुण्यात आयटीमधे आहे, घर जुळे सोलापुरात. पहिला मोठा बोनस आलाय आणि एक चांगलं मेकॅनिकल घड्याळ घ्यायचंय. मला ते सगळं मशीन दिसणारं स्केलेटन लै आवडलंय. बाबा म्हणतात आतडी बाहेर काढून ठेवल्यासारखं दिसतंय, आणि ओळखीतले जे दोघे-तिघे घड्याळं जमवणारे कलेक्टर आहेत ते पण नाक मुरडतात. नेमकी चूक काय आहे त्यात?

काहीच चूक नाही. तुम्ही सोलापूरचे आहात, लहानपणी साखर पेठेत कुणाच्या तरी घरी माग चालू असताना दारात उभे राहिला असालच ना, ते जेकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे वर सरकतायत, धागे उचलले जातायत, धोटा इकडून तिकडे, आणि खाली चादरीवर फूल उमटतंय. ते बघत बसावंसं वाटतं की नाही? घड्याळातलं मशीन बघावंसं वाटणं त्याच जातीचं आहे. आणि ही काही आजची फॅशन पण नाही, फ्रान्सच्या राजदरबारचा घड्याळजी आंद्रे-शार्ल कारों, त्याने १७६० च्या आसपास पहिलं स्केलेटन केलं असं मानतात.

पण कलेक्टर नाक का मुरडतात ते पण समजून घ्या, कारण त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. मशीन दिसणं तीन प्रकारचं असतं. एक म्हणजे मागच्या झाकणाला काच, पुढून साधं घड्याळ, काढून उलटं केलं की मशीन दिसतं. दुसरं ओपन हार्ट, डायलला एक खिडकी पाडलेली आणि त्यातून बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे डोलून घड्याळाचा ठोका सांभाळणारं चाक, डोलताना दिसतं, फ्रेडरिक कॉन्स्टंटने १९९४ मधे 'हार्ट बीट' नावाने ते आणलं आणि मग सगळ्यांनीच उचललं. आणि तिसरं खरं स्केलेटन, म्हणजे मशीनच्या पट्ट्या, ज्यांना ब्रिज म्हणतात, त्याच पोखरून, कोरून, चाकं पेलण्यापुरती धातू शिल्लक ठेवलेली. हे तिसरं काम सगळ्यात अवघड. जास्त कोरलं तर ब्रिज लवतो, चाकाचा आस हलतो, घड्याळ चुकायला लागतं. म्हणजे किती काढायचं यापेक्षा कुठे थांबायचं हे कळणं ही त्यातली कारागिरी.

आता स्वस्तातल्या बऱ्याच स्केलेटनमधे काय होतं, मशीन साधंच असतं, साच्यातून भोकं पाडलेली असतात, वर सोनेरी मुलामा आणि निळे रंगवलेले स्क्रू. लांबून चकचकतं, जवळून बघितलं की कडा खरखरीत. कलेक्टर नाक मुरडतात ते याला. मशीन दिसतंय म्हणून पैसे देऊ नका, दिसण्यासारखं काही केलंय का ते बघून द्या.

बघायचं कसं? दहा पट दिसणारं भिंग घ्या, घड्याळजी डोळ्याला लावतात ते, आणि दुकानात न लाजता लावा. ब्रिजची कड बघा. चांगल्या कामात कडेला तिरका घासलेला पट्टा असतो, त्याला आंग्लाज म्हणतात, घड्याळ हलवलं की उजेडाची एक बारीक रेघ त्या कडेवरून पळत जाते. मग जिथे दोन कडा आतल्या बाजूला मिळतात तो कोपरा बघा. मशीनचं कटर गोल फिरतं, त्यामुळे आतला कोपरा मशीनने केला तर गोलसरच राहतो. तो कोपरा सुईच्या टोकासारखा टोकदार असेल तर कुणीतरी बसून हाताने कानस फिरवलीय. एका कोपऱ्यात तुम्हाला माणूस भेटतो. स्विस घड्याळजी फिलिप ड्यूफूरसारख्या माणसाचं नाव कलेक्टर देवाच्या नावासारखं घेतात ते या असल्या कोपऱ्यांमुळेच. निळ्या स्क्रूचं पण तसंच, खरा निळा स्क्रू भट्टीत साधारण ३०० डिग्रीच्या जवळ तापवून निळा होतो, तो एका कोनातून काळा दिसतो आणि एका कोनातून गर्द निळा. रंगवलेला सगळीकडून सारखाच.

तुमच्या बोनसमधे हाताने केलेले कोपरे बसणार नाहीत हे उघड आहे, ते काम गाडीच्या, कधी फ्लॅटच्या किमतीत जातं. पण मधला रस्ता आहे. ६४९७ नावाचं एक स्विस मशीन आहे, मूळ खिशातल्या घड्याळासाठी बनवलेलं, ३६.६ मिलिमीटर रुंद, सेकंदाला पाच ठोके, म्हणजे मोठं आणि सावकाश. मोठं असल्यामुळे कोरायला जागा मिळते आणि सावकाश असल्यामुळे बॅलन्सचं डोलणं डोळ्याला नीट दिसतं. टिसोच्या टी-कॉम्प्लिकेशन स्क्वेलेटमधे तेच आहे. असलं काहीतरी हातात घेऊन बघा, बजेटमधे बसतं का ते पण बघा, सेकंडहँड चालेल. एकच गोष्ट दुकानातच तपासा, एसीच्या पांढऱ्या लाईटमधे नव्हे, दाराशी जाऊन उजेडात वेळ बघा. दोन सेकंदात काटे सापडले नाहीत तर ते रोजचं घड्याळ नाही. माझं मत विचाराल तर पहिल्या घड्याळाला पुढून साधं डायल आणि मागून काच बरी, पण तुम्हाला स्केलेटन आवडलंय आणि आवड उसनी घेता येत नाही. बाबांना एकदा भिंगातून दाखवा. बोलणं बदलेल.

नमस्कार. मिस्टरांनी ब्राँझचं म्हणून एक महागडं घड्याळ घेतलं. दोन महिन्यात काळपट पडलं, कडेला हिरवं दिसायला लागलं, मनगटावर पण हिरवट डाग. मला वाटलं फसवलं. मी पितळेची समई घासते तशी चिंच आणि मीठ लावून घासलं, लखलखीत झालं. तर हे घरी आल्यावर जेवलेच नाहीत, म्हणाले दोन महिन्यांची कमाई घालवलीस. मी काय बिघडवलं? – भवानी पेठ

ताई, तुम्ही काही बिघडवलं नाही, आणि मिस्टरांचं दुःखही खरं आहे. दोन्ही सांगतो.

ब्राँझ म्हणजे आपलं कासं. पाय चोळायची काशाची वाटी असते ना, तिच्याच घराण्यातलं, तांबं आणि कथील, घड्याळात बऱ्याचदा तांबं आणि ॲल्युमिनियम. तांबं आलं की कळक आलाच, त्यालाच घड्याळवाले पॅटिना म्हणतात. पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली की ताक कळकतं, ते ज्याने होतं त्याच कारणाने घड्याळ रंग बदलतं. हवेने आधी तपकिरी थर चढतो, आणि घाम, मीठ, दमट हवा मिळाली की हिरवा. आपल्या सोलापूरच्या कोरड्या उन्हात जास्त करून तपकिरी-चॉकलेटी होतं, तेच घड्याळ घालून कुणी रत्नागिरीला महिनाभर राहिला तर हिरवं होईल. तुमच्याकडे कडेला हिरवं आलं ते घामामुळे, पट्ट्याच्या खाली घाम साचतो.

आणि हे सगळं व्हावं म्हणूनच लोक ते घेतात. घड्याळाचे मोठे डिझायनर जेराल्ड जेंटा यांनी १९८८ मधे ब्राँझची बॉडी केली तेव्हा फार थोड्यांनी विचारलं, २०११ मधे पानेराईने फक्त १००० नग काढले आणि लोकांनी उड्या मारल्या, मग २०१६ मधे ट्यूडरने आणलं आणि ही आवड सगळीकडे पसरली. त्यात मजा ही की दोन माणसांचं एकच मॉडेल सहा महिन्यांनी सारखं दिसत नाही. तुमचे मिस्टर हात टेबलावर कसा टेकवतात, गाडी किती चालवतात, घाम किती येतो, ते सगळं त्या थरावर उमटतं. दोन महिन्यांची कमाई म्हणाले ते या अर्थाने.

पण तो थर परत येतो. आजपासून घालायला सांगा, आधी फिकट होईल, मग मधासारखं, दिवाळीपर्यंत परत तेच. आणि तुम्ही चिंच वापरली ते अगदी बरोबरच होतं, जगभरचे कलेक्टर कंटाळा आला की लिंबू किंवा व्हिनेगर लावून असंच पुसून काढतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. फक्त पुढच्या वेळी मीठ नको, मिठाचा खडा चावीच्या फटीत किंवा फिरत्या रिंगखाली अडकला तर रबराचा वायसर कापतो. पट्टा आधी काढायचा, चावी घट्ट आहे ना बघायचं, मऊ कापडाने पुसायचं, ओल्या फडक्याने आम्ल पूर्ण काढायचं. मनगटावरचा डाग साबणाने जातो. या घड्याळांचं मागचं झाकण बहुतेक स्टील किंवा टायटॅनियमचं करतात ते याच कारणाने, कातडीला तांबं लागू नये म्हणून. तुमच्याकडे डाग पडलाय तो कडेचा किंवा बकलचा असणार, बकल बऱ्याचदा ब्राँझचं असतं.

मिस्टरांना माझ्याकडून एक विचारा, घासायच्या आधीचा फोटो काढलाय का. नसेल तर यापुढे दर महिन्याला एक काढा म्हणावं.

मग कंपनीतूनच जुनं करून आलेलं घड्याळ घेणं म्हणजे खोटेपणा नाही का? झेनिथची 'एज्ड स्टील'वाली पायलट घड्याळं बघितली, नवी कोरी आणि दिसायला पन्नास वर्षं वापरलेली. – वाचक, होटगी रोड

मला ती स्वतःसाठी नको वाटतात, पण खोटेपणा म्हणणार नाही, कारण कंपनी उघड सांगून विकते. स्टील मुळात म्हातारं होतच नाही, त्याला ओरखडे पडतात पण रंग बदलत नाही, म्हणून मग ते घासून, रंग मारून मुद्दाम मळकट करावं लागतं. एक सोय नक्की आहे, पहिल्या ओरखड्याला जीव हळहळत नाही, फील्डवर काम करणाऱ्यांना ते बरं पडतं. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या मळकटपणाला तुमची काही गरजच नाही, तुम्ही घाला की कपाटात ठेवा, ते तसंच. नव्या डायलवर मुद्दाम पिवळट केलेले आकडे असतात त्यांचंही तेच. ज्याला असला लूकच आवडतो त्याने खुशाल घ्यावं, पण साध्या स्टीलचं घेऊन दहा वर्षं वापरलं तर तेही दिसायला लागतं, आणि ते तुमचं असतं.

आजोबा रेल्वेत गार्ड होते, त्यांचं वेस्ट एंडचं सोवार प्रायमा घरात सापडलं. चावी दिली की चालतं. डायल पिवळं पडलंय, बॉडी ओरखड्यांनी भरलीय, मागे काहीतरी कोरलंय पण पुसट. एका दुकानात म्हणाले डायल नवीन रंगवून, बॉडी बफ करून शोरूमसारखं करून देतो. लग्नात घालायचंय. करू का? – वाचक, रेल्वे लाइन्स

करू नका. हात जोडून सांगतो, करू नका.

मी हे का म्हणतो ते सांगतो. माझे वडील मिलमधे होते, सूतखात्यात. एचएमटी जनता होतं त्यांच्याकडे. एचएमटीने १९६१ मधे जपानच्या सिटिझनशी करार करून बंगलोरला घड्याळं बनवायला घेतली आणि त्यातलं जनता म्हणजे खरंच जनतेचं, १७ ज्वेल, रोज चावी द्यायची. पहाटेचा भोंगा झाला की वडील उठून आधी घड्याळाला चावी द्यायचे, मोजून, आणि मग तोंड धुवायचे. त्या काळच्या बऱ्याच जनताची बॉडी पितळेची आणि वर क्रोमचं पाणी. वडिलांच्या घड्याळाचं क्रोम एकाच कोपऱ्यात, सहाच्या बाजूच्या डाव्या कानाशी, म्हणजे पट्टा अडकतो त्या टोकाशी, नखाएवढं उडालेलं होतं आणि आतलं पितळ दिसायचं. डावा हात मशीनच्या फ्रेमला टेकवून उभं राहायची सवय होती त्यांना, तिथेच घासलं जायचं. वर्षानुवर्षं घासून ते पितळ इतकं गुळगुळीत झालं होतं की अंगठा फिरवला की कळायचं.

वडील गेल्यावर मी ते एका दुकानात दिलं, चांगलं करून द्या म्हणून. चांगल्या मनानेच दिलं. चार दिवसांनी घेतलं तेव्हा चकाचक होतं, नवीन क्रोम, नवीन डायल, कानांच्या कडा बफिंगने गोल होऊन साबणाच्या वडीसारख्या झालेल्या, आणि तो कोपरा गायब. मी दुकानदाराला काही बोललो नाही, त्याने सांगितलेलं काम केलं होतं. पण घरी येऊन घड्याळ हातात घेतलं आणि अंगठा त्या जागी गेला, तिथे काहीच नव्हतं. आज इतक्या वर्षांनी पण अंगठा तिथेच जातो.

कलेक्टर लोक बफ न केलेल्या बॉडीला जास्त पैसे देतात ते नुसतं खूळ म्हणून नाही. बफिंगने धातू जातो, तो परत येत नाही, कडा गोल होतात, कोरलेलं पुसतं. तुमच्या आजोबांच्या घड्याळामागे जे पुसट कोरलंय ते आधी वाचा. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात धरा, किंवा अंधारात मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा मारा, अक्षरं सावलीने उठून दिसतात. नाव असेल, बिल्ला नंबर असेल, तारीख असेल. २०१७ मधे पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं, त्याच्या मागच्या झाकणावर गाडी जपून चालव अशा अर्थाचं इंग्रजीत कोरलेलं होतं, ते घड्याळ त्याच्या बायकोने दिलेलं. कुणी ते झाकण बफ करून ठेवलं असतं तर? तुमचं सोवार लाखात जाणार नाही, पण अक्षरं तुमच्या आजोबांची आहेत.

काय करा ते सांगतो. मशीनचं ऑइलिंग-सर्व्हिसिंग करा, ते हवंच, तेल वाळून घट्ट झालेलं असेल आणि तसंच चालवलं तर आस झिजतात. काच खराब असेल तर बदला, जुनी प्लास्टिकची काच असेल तर नुसती पॉलिश होते. पट्टा नवीन घाला. डायलला हात लावू देऊ नका, बॉडी फक्त कोमट पाण्यात मऊ ब्रशने, ती पण मशीन बाहेर काढल्यावर. घड्याळजीला कागदावर लिहून द्या, डायल रंगवायचं नाही, बफ करायचं नाही. आणि एक महत्त्वाचं, अंधारात चमकणारे आकडे असतील तर ते खरवडू नका आणि डायल उघडं ठेवून हाताळू नका. आपण चमकणाऱ्या कशालाही रेडियम म्हणतो, पण त्या जुन्या घड्याळात खरोखरच रेडियम असू शकतं. चमक केव्हाच विझलेली असते पण रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. काचेआड आहे तोवर घाला, काळजी नाही, पावडर श्वासात जाऊ द्यायची नाही एवढंच.

लग्नात तसंच घाला. पिवळ्या डायलला फेट्याखाली फार सुंदर रंग येतो.

ऑनलाईन जुनं एचएमटी घेतोय. नारिंगी डायल, एकदम नवीन दिसतंय, किंमत पण कमी. घेऊ? – वाचक, विजापूर रोड

बहुतेक रंगवलेलं डायल आहे. मुंबईत जुन्या मशीनवर भडक रंगाची डायलं टाकून विकायचा मोठा धंदा आहे, बाहेरच्या देशातले कलेक्टर त्याला मुंबई स्पेशल म्हणूनच ओळखतात. अक्षरं जाड किंवा तिरकी आहेत का, मिनिटाच्या रेषा आकड्यांशी जुळतात का, काटे आखूड पडतायत का ते बघा, आणि मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो मागा. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर आत बरेच हात लागलेत. फसायला लाज वाटून घेऊ नका, २०२१ मधे जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाच्या पहिल्या पिढीतलं एक स्पीडमास्टर, डायल उन्हाने तपकिरी झालेलं, ३० लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, घेतलं खुद्द ओमेगाच्या म्युझियमसाठी, आणि २०२३ मधे कंपनीनेच सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे पार्ट जोडून केलेलं होतं. जुनेपणाला पैसे मिळायला लागले की जुनेपणा बनवला जातो. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय २०१६ मधे झाला, तेव्हापासून भाव चढलेत, तर हे प्रकार वाढणारच. नातेवाईकांच्या कपाटात आधी शोधा.

मागून काच असलेलं घड्याळ आपल्या ४४ डिग्रीत खराब होतं का? आणि मशीन पण म्हातारं दिसायला लागतं का? – वाचक, सात रस्ता

उन्हाने काचेचं काही होत नाही, मनगटावर तर अजिबात नाही, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका एवढंच, तेल पातळ होऊन पसरतं. खरी भीती मॅग्नेटची आहे, मोबाईलचं कव्हर, स्पीकर. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर मागच्या काचेतून हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्स व्हीलवरची केसासारखी बारीक स्प्रिंग, बघा, त्याच्या वळ्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर मॅग्नेट लागलंय, घड्याळजी एका मिनिटात काढून देतो. मागची काच असण्याचा हा एक खरोखरचा उपयोग.

आणि तुमचा दुसरा प्रश्न मला फार आवडला. हो, काही मशीनही रंग बदलतात. जर्मनीतली लांगे कंपनी, १९९० मधे नव्याने उभी राहिलेली, मशीनची मोठी पट्टी जर्मन सिल्व्हरची करते आणि तिला वरून मुलामा देत नाही. आपल्या घरातलं जर्मनचं पातेलं म्हणजे ॲल्युमिनियम, ते नव्हे हं, हे तांबं, निकेल आणि जस्त. नवीन असताना रुपेरी, आणि वर्षं जातील तशी बंद काचेआड आपोआप हळूहळू मधाच्या रंगाकडे जाते. जोडताना कारागीर उघड्या बोटाने शिवत नाहीत, कारण बोटाचा ठसा उमटला तर राहतोच. मी असलं एकच घड्याळ बघितलंय, एका ओळखीच्या गृहस्थांकडे, आणि खिडकीपाशी नेऊन उलटं केलं तेव्हा आतली पट्टी जुन्या तुपासारखी दिसत होती.